पॅप स्मिअर आणि एचपीव्ही चाचणी: स्वतः नमुना कशासाठी घेता येतो?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी आता बाईला स्वतःच नमुना घेता येतो, हे ऐकलं की अनेकजणींना वाटतं, म्हणजे पॅप स्मिअरच घरी करायची. तसं नाही.

पॅपमध्ये पेशी बघतात. डॉक्टर किंवा नर्स स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा ठेवणारं साधन) घालून गर्भाशयाचं तोंड प्रत्यक्ष पाहतात, नेमक्या तिथूनच ब्रशने पेशी घेतात आणि मग त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात: केंद्रक मोठं झालंय का, आकार बिघडलाय का. नेमक्या जागेच्या पेशी आल्या नाहीत तर नमुना उपयोगाचा नाही. म्हणून हे काम आपलं आपण करता येत नाही.

एचपीव्ही म्हणजे शारीरिक संबंधांतून पसरणारा विषाणू, गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो तो याच्यामुळे. त्याच्या चाचणीत पेशी कशा दिसतात हा प्रश्नच नसतो. शोधायचा असतो तो या विषाणूचा डीएनए, आणि तो योनिमार्गातही सापडतो. त्यामुळे गर्भाशयमुखापर्यंत पोहोचायची गरज नाही. मऊ स्वॅब काही सेंटीमीटर आत सरकवायचा, वीसेक सेकंद हळूच फिरवायचा, नळीत ठेवून झाकण घट्ट लावायचं. 'मला नीट जमलं असेल ना?' ही धास्ती बऱ्याच जणींना असते. पण पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती करून तो शोधणाऱ्या पद्धतीने) तपासलेला असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा ठरतो. संकोचामुळे किंवा आधीच्या दुखऱ्या अनुभवामुळे तपासणीच टाळणाऱ्या बाईसाठी ही फार मोठी सोय आहे.

पॅप झालेला बदल दाखवते, एचपीव्ही चाचणी त्याआधीचा धोका. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या मार्गदर्शनानुसार ही चाचणी तिशीपासून दर 5 ते 10 वर्षांनी केली तरी चालते. एचआयव्ही असलेल्यांनी 25व्या वर्षापासून, दर 3 ते 5 वर्षांनी करायची.

सगळ्यात जास्त घाबरवतो तो 'पॉझिटिव्ह' हा शब्द. पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू सापडला, कर्करोग नव्हे. बहुतेक संसर्ग दोनेक वर्षांत शरीरच परतवतं. टिकून राहिलेल्या संसर्गातून कर्करोग व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. आणि कृपा करून त्यावरून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेऊ नका, विषाणू वर्षानुवर्षं सुप्त राहू शकतो. मात्र पॉझिटिव्ह आल्यावर दवाखान्यात जावंच लागतं, कारण पेशींचं काय झालंय हे स्वॅब सांगत नाही. एचपीव्हीचा 16 किंवा 18 प्रकार निघाला तर सहसा थेट कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची बारकाईने पाहणी) करतात, कारण सुमारे 70 टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग या दोघांमुळेच होतात.

या दोन्ही चाचण्या काहीच त्रास नसलेल्या बाईसाठी आहेत. संबंधांनंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, तर स्वॅबच्या अहवालाची वाट पाहू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.