झालरीच्या झग्यातली मॅक्रोफेज

शरीर म्हणजे एक अवाढव्य शहर आणि पेशी म्हणजे तिथे राबणारी माणसं, ही कल्पना घेऊन अकाने शिमिझु यांनी २०१५ साली जपानमध्ये 'हाताराकु साइबो' ही चित्रकथा सुरू केली. २०१८मध्ये तिच्यावर ॲनिमे मालिका निघाली आणि 'सेल्स ॲट वर्क' या नावाने ती जगभर पोचली. नायक आहे न्यूट्रोफिल: चाकू उगारून जंतूंवर तुटून पडणारी पांढरी पेशी. चाहत्यांचा जीव त्याच्यावर. मला मात्र त्याच्याहून जास्त साधलेलं पात्र वाटतं ते मॅक्रोफेज या दुसऱ्या, जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीचं. झालरींचा पांढरा झगा, चेहऱ्यावर कायम गोड हसू आणि हातात भलंमोठं धारदार हत्यार. वेश घरकाम करणाऱ्या बाईचा, आणि जंतूंचा फडशा पाडून झाला की बाई निवांत आवराआवरीला लागणार.

हा वेश गंमत म्हणून दिलेला असो वा नसो, शास्त्राला धरून आहे. जंतू गिळणं हे मॅक्रोफेजचं गाजलेलं काम. पण तिचा बराचसा वेळ आपल्याच पेशींची उस्तवार करण्यात जातो. त्यातही रक्तातल्या तांबड्या पेशींची.

मालिकेच्या एका भागात मॅक्रोफेज अस्थिमज्जेत चिमुकल्या तांबड्या पेशींना सांभाळताना दिसते. हे पदरचं घातलेलं नाही. मार्सेल बेसी या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५८ सालीच असे घोळके वर्णन केले होते: मधोमध एक मॅक्रोफेज आणि तिला बिलगून वाढणाऱ्या, अजून कच्च्या असलेल्या तांबड्या पेशी. पूर्ण तयार होण्याआधी प्रत्येक पेशी आपलं केंद्रक बाहेर टाकते. ते टाकलेलं केंद्रक लगेच गिळून टाकते ती हीच मॅक्रोफेज. सुईणीचंच काम म्हणायचं हे.

पुढे साधारण १२० दिवस ती तांबडी पेशी शरीरभर फिरते. म्हातारी होते, ताठर होते. प्लीहेतल्या फटी तिच्या रुंदीपेक्षा कितीतरी अरुंद असतात. तरुण पेशी अंग चोरून पार होते, म्हातारी अडकते. शिवाय तिच्या पृष्ठभागावरच्या खुणाही वयानुसार बदललेल्या असतात. प्लीहेतल्या आणि यकृतातल्या मॅक्रोफेज त्या ओळखतात आणि तिला गिळतात. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी अशा संपतात आणि जवळपास तितक्याच नव्या तयार होतात. जन्माच्या वेळी उशाशी मॅक्रोफेज, आणि शेवटी गिळणारीही मॅक्रोफेजच.

या गिळण्यात मोठा हिशेब आहे तो लोहाचा. नव्या तांबड्या पेशी घडवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. अन्नातून आतड्यात शोषलं जातं फक्त १ ते २ मिलिग्रॅम. बाकीचं सगळं जुन्या पेशी मोडून मॅक्रोफेज परत देतात. पालक, खजूर, लोखंडी कढई यांवर आपण इतकं बोलतो, पण रोजच्या लोहाचा मुख्य पुरवठा हा असा घरातूनच होत असतो.

हे मोडकाम बघायचं असेल तर मार लागलेली जागा बघा. त्वचेखाली सांडलेल्या तांबड्या पेशी मॅक्रोफेज गिळतात. हिमोग्लोबिनमधल्या हीम या लोह असलेल्या भागापासून आधी बिलिव्हर्डिन हे हिरवं द्रव्य होतं, त्याचं पिवळं बिलिरुबिन. काळानिळा डाग दिवसागणिक हिरवट, मग पिवळट होत जातो तो यामुळे.

एका बाबतीत मालिका जुन्या पाठ्यपुस्तकाबरोबर गेली आहे. तिथे संरक्षक पोशाख घातलेल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी दिसतात आणि तो पोशाख उतरवला की आतून मॅक्रोफेज निघतात. रक्तातली मोनोसाइट ऊतींमध्ये शिरून मॅक्रोफेज होते, हे खरंच आहे. पण मेंदूतल्या मॅक्रोफेज, म्हणजे मायक्रोग्लिया, गर्भावस्थेतच तिथे येऊन वसलेल्या असतात आणि पुढे आपली संख्या आपणच राखतात. इतर काही अवयवांतही अशी जुनी वस्ती सापडते. म्हणजे यातल्या बऱ्याच जणी बाहेरून येणाऱ्या नव्हेत, मूळच्या रहिवासी आहेत.

आणि त्या अजिंक्यही नाहीत. क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरला की मॅक्रोफेज त्याला गिळते, पण तो मरत नाही. गिळलेला जंतू ज्या पिशवीत बंद असतो ती पाचक रसांच्या पिशवीशी जोडली जाऊ नये, अशी व्यवस्था तो करतो आणि मॅक्रोफेजच्याच पोटात वाढत राहतो. जगातले सुमारे पाव क्षयरुग्ण भारतात आहेत, तेव्हा या पेशीचा पराभव आपल्याला परका नाही.

न पचणारी आणखी एक गोष्ट मात्र आपणच तिला हौसेने भरवतो: गोंदण. सुईने टोचलेल्या रंगाचे कण त्वचेतल्या मॅक्रोफेज गिळतात आणि धरून ठेवतात. पण पेशी काही जन्मभर टिकत नाही, मग आजीच्या हातावरची तुळस सत्तर वर्षं कशी राहते? फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी २०१८मध्ये उंदरांच्या शेपटीवर गोंदून याचा छडा लावला. रंग धरलेल्या मॅक्रोफेज त्यांनी मारून टाकल्या. रंग जागेवरच सांडला, आणि नव्याने आलेल्या मॅक्रोफेजनी तो पुन्हा गिळला. गोंदण दिसायला जसंच्या तसं. लेसरने टॅटू काढायला अनेक खेपा लागतात, त्यामागेही हे एक कारण असावं असं त्या संशोधकांचं म्हणणं: कण फुटतात, पेशी मरतात, पण उरलेला रंग शेजारच्या पेशी उचलून घेतात. जे कण निसटतात ते लसिकावाहिन्यांतून जवळच्या लसिकागाठीत जाऊन बसतात. हातावर मोठा टॅटू असलेल्या माणसाची काखेतली गाठ शस्त्रक्रियेच्या वेळी काळी किंवा रंगीत निघालेली डॉक्टरांनी पाहिली आहे.