दोन मिनिटांचं संप्रेरक आठवडाभर कसं टिकलं

शुगरसाठी इंजेक्शन सुरू केलं असं कुणी सांगितलं की आपल्याकडे ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. "इन्सुलिनवर गेलात? म्हणजे फारच वाढली की!" मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे आठवड्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन भारतात आलं, जूनमध्ये त्याच धर्तीचं वेगोवी, डिसेंबरमध्ये ओझेम्पिक. तेव्हापासून या जुन्या गैरसमजाच्या जोडीला दुसराही आला आहे, की ही चरबी वितळवायची इंजेक्शनं आहेत. दोन्ही समज चुकीचे आहेत. ही औषधं इन्सुलिन नाहीत आणि ती चरबी वितळवतही नाहीत. आपण जेवलो की आतडं स्वादुपिंडाला आणि मेंदूला एक निरोप धाडतं. ही औषधं त्या निरोपाची नक्कल करतात. मूळ निरोप रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतो, नक्कल आठवडाभर टिकते. औषधांच्या इतिहासातली ही मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९६० च्या दशकात रक्तातलं इन्सुलिन नेमकं मोजता येऊ लागलं, तेव्हा संशोधकांना एक कोडं पडलं. ग्लुकोज शिरेतून दिलं तर इन्सुलिन कमी स्रवायचं आणि तोंडाने पाजलं तर कितीतरी जास्त. रक्तातली साखर सारखीच वाढली तरी हा फरक राहायचा. म्हणजे अन्न पोटात उतरल्याची वर्दी आतडं स्वादुपिंडाला देत असणार. ही वर्दी देणाऱ्या संप्रेरकांपैकी एक म्हणजे जीएलपी-१. त्याचा माग लागला तो अँगलरफिश नावाच्या समुद्री माशाच्या जनुकातून, १९८२ च्या सुमारास, बॉस्टनमधल्या जोएल हॅबनर यांच्या प्रयोगशाळेत. हे संप्रेरक म्हणजे अमायनो आम्लांची (प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची) साखळी. पुढे स्वेतलाना मोइसोव्ह यांनी त्या लांब साखळीतला नेमका कोणता तुकडा काम करतो ते दाखवून दिलं.

या तुकड्याची खुबी अशी की रक्तात साखर जास्त असेल तेव्हाच तो इन्सुलिन सोडायला लावतो. स्वादुपिंडातली बीटा पेशी ग्लुकोज जाळते, त्यातून एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू तयार होतो, एटीपीमुळे पेशीच्या आवरणातले पोटॅशियमचे मार्ग बंद होतात, मग कॅल्शियम आत शिरतं आणि इन्सुलिनच्या पिशव्या रित्या होतात. जीएलपी-१ ही साखळी स्वतः सुरू करत नाही. ते पेशीत सायक्लिक एएमपी हा आतल्या आत संदेश पोहोचवणारा रेणू वाढवतं आणि सुरू झालेल्या साखळीचा शेवटचा टप्पा जोरकस करतं. ग्लुकोज नसेल तर मार्ग बंद होत नाहीत, आणि मग जोर द्यायला काही उरत नाही. म्हणून नुसत्या या औषधाने शुगर एकदम खाली जाण्याचा धोका कमी असतो. मात्र ग्लिमेपिराइडसारखी गोळी हेच पोटॅशियमचे मार्ग परस्पर बंद करते. ती चालू असताना हे इंजेक्शन सुरू केलं तर घाम, थरथर, चक्कर येण्याची शक्यता वाढते. अशा वेळी डॉक्टर जुन्या गोळीचा डोस कमी करतात तो यासाठी.

शिवाय जीएलपी-१ जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतं आणि मेंदूतल्या भुकेच्या केंद्रांना पोट भरल्याचं कळवतं. वजन उतरतं ते मुख्यतः या दुसऱ्या कामामुळे, माणूस कमी खातो म्हणून.

मग हेच संप्रेरक सरळ टोचायला काय हरकत होती? तसे प्रयोग झाले आणि परिणाम उत्तम आला, पण सुई काढली की संपला. कारण रक्तात डीपीपी-४ नावाचं एक एन्झाइम असतं. ते कात्रीसारखं काम करतं. साखळीतलं दुसरं अमायनो आम्ल ॲलनिन दिसलं की ते त्याच्या पुढे कापतं. (आपल्याकडे रोज घेतल्या जाणाऱ्या व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या याच एन्झाइमला अडवतात. म्हणून इंजेक्शन सुरू झालं की त्यांचा वेगळा उपयोग फारसा उरत नाही.) कापण्यातून जे सुटतं ते आकाराने इतकं लहान असतं की मूत्रपिंड गाळून टाकतं.

पहिली वाट सापडली ती एका विषारी सरड्यात. न्यूयॉर्कचे जॉन एंग यांना अमेरिकेच्या वाळवंटातल्या हीला मॉन्स्टरच्या विषात एक्सेंडिन-४ सापडलं. १९९२ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. त्याची साखळी आपल्या जीएलपी-१ शी निम्म्याहून थोडी जास्त जुळते, पण दुसऱ्या जागी ॲलनिनऐवजी ग्लायसिन आहे आणि तिथे डीपीपी-४ चं काही चालत नाही. त्यावरून बनलेलं एक्सेनॅटाइड २००५ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. तेही दिवसातून दोनदा टोचावं लागायचं.

डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कमध्ये लोटे ब्येरे क्नुडसेन यांच्या गटाने वेगळी दिशा धरली. माणसाचीच साखळी ठेवायची आणि तिला एक मेदाम्ल जोडायचं. रक्तात अल्ब्युमिन नावाचं मोठं प्रथिन भरपूर असतं आणि मेदाम्लं वाहून नेणं हे त्याचं रोजचं काम. औषधाचा रेणू त्या मेदाम्लाच्या आधारे अल्ब्युमिनला बिलगतो. मग तो मूत्रपिंडातून गळत नाही आणि एन्झाइमच्या तावडीतही सहज सापडत नाही. सोळा कार्बनचं मेदाम्ल जोडून लिराग्लुटाइड झालं, ते रोज एकदा घ्यायचं. पुढे सेमाग्लुटाइडमध्ये (वेगोवी आणि ओझेम्पिकमधलं औषध ते हेच) अठरा कार्बनची साखळी आली आणि दुसऱ्या जागच्या ॲलनिनवर एक जादा मिथाइल गट बसवला. बदल केवढासा, तर एक कार्बन आणि तीन हायड्रोजन! पण त्या जागी आता एन्झाइमला नीट धरताच येत नाही. सेमाग्लुटाइडचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. हॅबनर, मोइसोव्ह आणि क्नुडसेन यांना २०२४ चा लास्कर हा वैद्यकातला मानाचा पुरस्कार मिळाला तो या कामासाठी.

"सरड्याचं विष टोचतात" असे मेसेज फिरतात, ते निव्वळ भय पसरवणारे आहेत. सेमाग्लुटाइडची साखळी यीस्टकडून तयार करून घेतात. सरड्याचा त्यात काही संबंध नाही. याउलट दारुहळदीतल्या बर्बेरीनच्या गोळ्या किंवा इसबगोल "नैसर्गिक ओझेम्पिक" म्हणून विकणारेही आहेत. जीएलपी-१ पेशीवरच्या ज्या ग्राहीला (निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, त्यावर इसबगोलाचा भुसा जाऊन बसत नाही. असं विकणं ही लोकांची फसवणूक आहे.

हे सात दिवसांचं गणित लक्षात आलं की सेमाग्लुटाइडचे बरेचसे नियम आपोआप समजतात. दर आठवड्याला टोचलं की रक्तातली पातळी चार-पाच आठवडे चढत राहते, मग स्थिरावते. म्हणून ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून साधारण चार-चार आठवड्यांनी पायरी चढायची. घाईने डोस वाढवला तर मळमळ आणि उलट्यांनी माणूस बेजार होतो. शेवटच्या डोसनंतरही औषध पाचेक आठवडे अंगात राहतं, म्हणून गर्भधारणा हवी असेल तर दोन महिने आधी थांबवतात. जठर सावकाश रिकामं होत असल्यामुळे, ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल सांगायलाच हवं. पेन पोटावर टेकवून बटण दाबल्यावर सहा आकडे मोजेपर्यंत सुई आतच ठेवायची. लगेच काढली तर टोकाशी थेंब दिसतो, तो डोसातलाच गेलेला असतो.

आता वजनाबद्दल. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. यात रुग्णाच्या मनोनिग्रहाला दोष देऊ नये. बाहेरून दिलेला निरोप थांबला की भूक परत येणारच. रक्तदाबाची गोळी थांबवल्यावर दाब वाढला तर आपण कुणाला बोल लावत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती स्नायूंची. त्याच चाचणीत काही जणांची शरीररचना स्कॅन करून मोजली, तेव्हा उतरलेल्या वजनात जवळपास ४० टक्के वाटा चरबीचा नसून स्नायूंसह इतर ऊतींचा निघाला. आपल्याला हे जास्त लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मुळातच स्नायू कमी आणि पोटाशी चरबी जास्त अशी आपली ठेवण. त्यात भूक मेली म्हणून माणूस दोन घास वरणभात खाऊन उठला, तर प्रथिनं कुठून मिळणार?

म्हणून कुणी लग्नासाठी दहा किलो उतरवायचे म्हणून ब्युटी पार्लरमधून पेन मिळवतं, तेव्हा मला राग येतो. ज्यांच्या घरात थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झालेला आहे किंवा ज्यांना स्वतःला स्वादुपिंडाची सूज येऊन गेली आहे, त्यांची चौकशी तिथे कोण करणार? हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच आणि नियमित तपासणीतच घ्यायचं आहे. ते सुरू असेल तर जेवताना आधी डाळ, उसळ, अंडं, पनीर, मासे संपवा आणि भात-पोळी नंतर. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा. आणि वजनाबरोबर कमरेचा घेर आणि आणखी एक गोष्ट वहीत लिहा: हात न टेकता अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येतं. वजन उतरत असताना हा आकडाही उतरत गेला, तर पुढचा डोस वाढवण्याआधी तो डॉक्टरांना दाखवा.