तुलिओचे हजार गोल: मोजले कुणी?

ब्राझीलच्या तुलिओ माराविल्या या फुटबॉलपटूने पेले आणि रोमारिओसारखे हजार गोल केले, असं सर्रास सांगितलं जातं. जरा थांबा. हा आकडा त्याच्या स्वतःच्या वहीतला आहे. त्यात युवा संघातले आणि मैत्रीपूर्ण सामन्यांतले गोलही धरलेत. अधिकृत सामन्यांपुरतं बोलायचं तर बेरीज हजारच्या बरीच अलीकडे थांबते.

‘हजारावा’ गोल फेब्रुवारी 2014 मधला. वय 44, संघ अराशा, स्पर्धा मिनास जेराइस राज्याच्या दुसऱ्या श्रेणीची, आणि गोल पेनल्टीवर. (पेलेचा 1969 चा आणि रोमारिओचा 2007 चा हजारावा गोलही पेनल्टीवरच होता, तेव्हा त्यावरून हसू नये! शिवाय मोजणीवरून वाद त्या दोघांच्याही वाट्याला आलेच.)

पण म्हणून गडी थापाड्या ठरत नाही. 1989 मध्ये गोयासकडून, 1994 आणि 1995 मध्ये बोताफोगोकडून तो ब्राझीलच्या राष्ट्रीय लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा होता. 1995 ला बोताफोगो विजेता झाला तो त्याच्याच जिवावर. पुढे स्वित्झर्लंड, हंगेरी, बोलिव्हिया अशी वणवण. तिसाहून जास्त क्लब झाले. त्यातले कित्येक केवळ त्या आकड्यापायी.