मागच्या बाकावरचे विद्यार्थी पुढे मालक होतात का?

‘वर्गात पहिला येणारा पुढे नोकरी करतो आणि मागच्या बाकावरचा त्याचा मालक होतो,’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. शाळेत कमी गुण मिळालेल्यांना त्यातून दिलासा मिळतो, म्हणून तो पटणे स्वाभाविक आहे. परंतु सर्वसाधारण नियम म्हणून तो खरा नाही.

अभ्यासात मागे असलेला एखादा विद्यार्थी मोठा उद्योजक झाला, की ती गोष्ट अनपेक्षित असल्यामुळे सगळीकडे सांगितली जाते. त्याच बाकावरच्या ज्यांना तसे यश मिळाले नाही, त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही, आणि पहिल्या आलेल्या मुलीने स्वतःचा व्यवसाय उभारला, तर ते अपेक्षितच मानले जाते. मोठ्या समूहांचा दीर्घकाळ मागोवा घेतल्यावर मात्र अधिक शालेय गुणांबरोबर पुढील शिक्षण आणि उत्पन्नही सरासरीने अधिक आढळते. हा संबंध मर्यादित आहे, कारण घरची परिस्थिती, आरोग्य आणि संधी यांचाही वाटा मोठा असतो.

‘उनाड’, ‘लाजाळू’ हे शिक्के आयुष्यभर टिकतात, हा उलट समजही अपुराच आहे. विशी-तिशीत जबाबदारीची जाणीव आणि भावनिक स्थैर्य सरासरीने वाढत जाते.

पडताळून पाहायचे असेल, तर वर्गाचे जुने छायाचित्र घेऊन त्यातील प्रत्येकाचे नाव लिहावे, आधी तेव्हाची ओळख नोंदवावी आणि मगच आजचे काम विचारावे, कारण परिणाम कळल्यावर आठवणीही बदलतात. ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही, त्यांची नावे वगळू नयेत.