ट्रकची स्लीपर केबिन (कळंबोली–भिवंडी पट्टा)

स्लीपर केबिन म्हणजे ट्रकमधे ड्रायव्हरच्या सीटमागं झोपायला बर्थ असलेली केबिन. ती कंपनीतून तयार येते किंवा बाहेर गॅरेजात बांधून, वाढवून घेतात. इथं मुख्यतः दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहिलंय, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीत माणसाला चार-पाच दिवस नीट राहता यावं म्हणून बर्थ, फळ्या, पंखा, लाइट, पाण्याच्या कॅनची जागा असं सगळं आपल्या सोयीनं करून घेणं. जिच्यात फक्त सीट असतात, मागं आडवं व्हायला जागाच नसते, ती डे केबिन.

ठाणे-नवी मुंबईत हे काम चालतं कारण गाड्याच इथं येऊन थांबतात. उरणकडं न्हावा शेवा बंदर (१९८९ साली सुरू झालं), मधे तळोजा एमआयडीसी, तुर्भ्याचं एपीएमसी मार्केट, वर भिवंडीची गोदामं, आणि कळंबोलीला सायन-पनवेल हायवे, पुणे एक्सप्रेसवे, बंदराचा रस्ता आणि शिळफाटा-मुंब्र्याकडं जाणारा रस्ता सगळे एकमेकांना भेटतात. कळंबोलीचा लोखंड बाजार शेजारीच असल्यामुळं पत्रा आणि चौकोनी पाइप हाताशी, वेल्डर, डेंटर-पेंटर, कुशनवाला, ऑटो इलेक्ट्रिशियन ही मंडळी पण आसपासच. एमएच ४६, एमएच ४३, एमएच ०४ च्या गाड्या असतातच, पण राजस्थान, हरयाणा, तमिळनाडू पासिंगच्या गाड्या पण माल उतरवून परतीच्या भाड्याची वाट बघता बघता छोटीमोठी कामं इथंच उरकून घेतात.

झोप नक्की कुठं होते

स्लीपर घेताना लोक अंतराचा विचार करतात, गाडी दिल्लीला जाणार असेल तर स्लीपर आणि लोकल असेल तर डे केबिन चालेल असा हिशोब. आपल्या पट्ट्यात हा हिशोब चुकतो, कारण इथं झोप चालत्या प्रवासातली कमी आणि थांबलेल्या गाडीतली जास्त. बंदरातून कंटेनर उचलून भिवंडीला टाकायचा म्हटलं तर अंतर काहीच नाही, पण बंदराबाहेर रांग, कागदपत्रं अडकली की रांगेतच रात्र, ठाणे शहरात अवजड गाड्यांना दिवसा ठरावीक वेळातच सोडतात म्हणून खारेगाव, माणकोली, शिळफाटा नाहीतर कळंबोलीच्या कडेला गाडी लावून बसायचं, आणि गोदामात पोचल्यावर माल उतरवायला पुन्हा नंबर. ज्या कंटेनर ट्रेलरला "लोकलच तर आहे" म्हणून डे केबिन घेतली त्याचा ड्रायव्हर मग स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपतो, नाहीतर ट्रेलरखाली झोळी बांधून. झोळीत झोपणं खरोखर जिवावरचं आहे, गाडी कोणी हलवली किंवा मागून कोणी धडकलं तर वाचायला वावच नाही.

म्हणून इथली स्लीपर बांधताना पहिला प्रश्न असा हवा, की इंजिन बंद असताना, मे महिन्याच्या दमट रात्री, डासांमधे, रस्त्याच्या कडेला या केबिनीत माणूस सहा तास झोपू शकतो का? बाकी शोभेचं काम नंतर. झोपेचं महत्त्व ड्रायव्हरला सांगायची गरज नसते पण मालकाला कधीकधी असते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात दिसलं की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचे हात-डोळे, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंद चालतात, आणि आपल्याकडं ड्रायव्हिंगची कायदेशीर मर्यादाच ०.०३ टक्के आहे.

आधी काय होतं

आपल्याकडं बरीच वर्षं ट्रक घ्यायचा म्हणजे चॅसी घ्यायची. इंजिन, चाकं आणि पुढचं तोंड, म्हणजे काऊल, एवढंच कंपनी द्यायची आणि केबिन व बॉडी बाहेरून बांधायची. टेल्कोनं (आताची टाटा मोटर्स) १९५४ ला डेमलर-बेंझबरोबर ट्रक काढायला सुरुवात केली तेव्हापासून बॉडीबिल्डरचा धंदा वाढत गेला, तमिळनाडूत नामक्कल तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकलेल्या त्या केबिनीत मागं एक लांब फळी असायची, दिवसा त्यावर क्लीनर बसायचा, रात्री ड्रायव्हर झोपायचा आणि क्लीनर टपावर किंवा ताडपत्रीवर. नक्षी, आरसे, देवाचा फोटो सगळं हौसेनं असायचं, पण धडकेत त्या लाकडी केबिनीचा भुगा व्हायचा. पुढं ट्रकच्या केबिन-बॉडीसाठी एआयएस-०९३ नावाची नियमावली आली आणि कंपनीच्या तयार केबिनींचं प्रमाण वाढलं, ते चांगलंच झालं. त्यामुळं आता गॅरेजकडं उरलंय ते मुख्यतः आतलं काम.

आतलं काम

बर्थ बहुतेक आडवा असतो, दरवाजा ते दरवाजा. गाडीची बाहेरची रुंदी नियमानं २.६ मीटरपर्यंत, त्यातून पत्रा, अस्तर, दरवाजे वजा करून आत काय उरतं ते टेपनं मोजूनच गादी कापावी. अमेरिकेत स्लीपर बर्थचं किमान माप कायद्यात दिलंय, ७५ इंच लांब, २४ इंच रुंद आणि गादीवर २४ इंच मोकळी जागा, ते इथं पण ध्यानात ठेवायला हरकत नाही, २४ म्हणजे अगदी कमीत कमी, कूस बदलायची तर २८-३० पाहिजे. रुंदी वाढवायची हौस असते पण ती कुठून तरी काढावी लागते. सरळ ट्रकमधे केबिन मागं वाढवली की माल भरायची जागा तेवढी कमी, आणि ट्रेलरच्या घोड्यावर, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीवर, केबिन मागं सरकवली तर वळताना कंटेनरचा कोपरा केबिनीच्या पाठीला घासतो. पूर्ण वळणात किती अंतर राहतं ते रिकाम्या मैदानात गाडी वळवून बघितल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू नये.

गादीला ४० डेन्सिटीचा फोम बरा, स्वस्तातला फोम थोड्याच दिवसात बसतो. वरून रेक्झिन लावायची सवय आहे कारण पुसायला सोपं, पण कोकणच्या दमटपणात रेक्झिनवर उघडी पाठ चिकटते आणि घामोळं येतं, म्हणून वरून सुती खोळ, तीही चेन लावून काढता-धुता येईल अशी. बर्थखाली टूल, दोर, कपडे यासाठी पेटी करतात, तिला झाकण वरून उघडणारं असेल तर रात्री काही काढायचं म्हणजे झोपलेल्याला उठवा, त्यापेक्षा पुढून उघडणारं केलेलं चांगलं.

उन्हाचा त्रास छतातून, आणि इंजिनचा त्रास खालून, कारण आपल्या बहुतेक गाड्यांचं इंजिन केबिनच्या खालीच असतं. छतात आणि पाठीच्या पत्र्यात अस्तराखाली नायट्रिल रबर शीट घालतात, एसीच्या डक्टला लावतात तीच. थर्माकोल स्वस्त पडतो पण तो पटकन पेटतो, माणसाच्या डोक्यावर तो नकोच. हवा खेळायला समोरासमोर दोन वाटा लागतात, नुसती एक खिडकी उघडून काही होत नाही, म्हणून बर्थच्या बाजूला छोटी सरकती खिडकी किंवा छताला झडप आणि दोन्हीला बारीक जाळी. झडप केली की पावसाळ्याचं बघावं लागतं, पुढच्या पत्र्याचा काठ मागच्या पत्र्यावर चढलेला असावा म्हणजे धावत्या गाडीत वाऱ्यानं ढकललेलं पाणी सांध्यात घुसत नाही. उलटा सांधा कितीही सिलिकॉन भरलं तरी जुलैमधे गळतो.

एक गोष्ट नवशिके सुतार हमखास विसरतात. तयार केबिन पुढं कलते. इंजिनचं काम निघालं की मेकॅनिक लॉक काढतो, पंप मारतो आणि सगळी केबिन नाकावर वाकते, मग आत मोकळं ठेवलेलं जे काही असेल, पातेली, डबे, पाण्याचा कॅन, ते थेट काचेवर. त्यामुळं प्रत्येक फळीला पुढं काठ, प्रत्येक दाराला घट्ट कडी, आणि वजन मापातच, कारण केबिनचा पंप, लॉक आणि खालची सस्पेन्शन कंपनीनं ठरावीक वजनासाठी दिलेली असतात. जाड प्लाय आणि लोखंडी कपाट घालून केबिन जड केली की लॉक नीट बसत नाही, आणि अर्धवट बसलेलं लॉक ब्रेक मारल्यावर काय करेल ते सांगायला नको.

वीज आणि शेगडी

ट्रकची वीज २४ व्होल्टची, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडलेल्या. मोबाइल चार्जर, टेप, छोटा पंखा हे बऱ्याचदा १२ व्होल्टचं, म्हणून घाईत इलेक्ट्रिशियन एकाच बॅटरीवरून वायर ओढून देतो. चालतं, पण ती एकच बॅटरी रोज जास्त उतरते, अल्टरनेटर मात्र दोघींना एकत्र चार्ज करतो, मग एक कायम उपाशी आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, शेवटी दोन्ही बदलायची वेळ येते. योग्य उपाय म्हणजे २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर आणि बॅटरीजवळच फ्यूज. वायर पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी बुश पाहिजेच, ट्रकच्या हादऱ्यानं उघड्या कडेवर वायर सोलली जाते, आणि आत फोम, रेक्झिन, प्लाय सगळं पेटणारंच असतं.

सरकारनं १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ३.५ टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा केलाय, ही मोठी आणि खूप आधी व्हायला हवी होती अशी गोष्ट. पण तो एसी इंजिनवर चालतो, आणि वाट बघताना रात्रभर इंजिन चालू ठेवणं म्हणजे डिझेल जाळणं, शिवाय सायलेन्सर गळका असेल तर धूर केबिनीत. इंजिन बंद असताना बॅटरीवर चालणारे पार्किंग एसी मिळतात. हिशोब साधा आहे, ३० अँपिअर ओढणारा एसी १५० एएच (अँपिअर-तास) ची जोडी अडीच तासात अर्ध्यावर आणतो, मग सकाळी स्टार्टर फिरेल याची खात्री नाही. त्यासाठी वेगळी बॅटरी लागते, तिचं वजन, तिचा खर्च. याउलट २४ व्होल्टचा पंखा एक अँपिअरच्या आसपास घेतो, आठ तासात आठ एएच. म्हणून जाळी, आरपार हवा आणि दोन पंखे यावर आधी पैसे घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वयंपाक बरेच ड्रायव्हर स्वतः करतात, ढाब्यावरचं रोज पोटाला आणि खिशाला दोन्हीला झेपत नाही. शेगडी-सिलेंडरची जागा बाहेर, चॅसीला लावलेल्या जाळीदार पेटीत. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बर्थखालच्या पेटीत साचून राहतो, आणि बंद केबिनीत शेगडी पेटवून झोपलं तर कार्बन मोनॉक्साइडचा वास पण येत नाही. आत स्वयंपाक नकोच, पाऊस असला तरी.

कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या गोष्टी बदलता येत नाहीत, जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानंही तेच म्हटलं. गादी, पंखा, जाळी, फळ्या यांचा प्रश्न सहसा येत नाही, पण केबिन कापून लांब करणं, छत उचलणं, चॅसीला भोकं पाडणं हे त्यात सापडू शकतं आणि अपघातानंतर विम्याच्या क्लेमला अडचण होते ती वेगळीच. आरटीओची फिटनेस तपासणी आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी, त्यामुळं मोठं काम असेल तर आधी आरटीओत विचारून घ्यावं. कामाच्या तासांसाठी नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा होता, दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांना लागायचा, आणि एक-दोन गाड्यांचे मालक त्यातून सुटायचे; आता त्याच्या जागी नवी कामगार संहिता आलीय.

बाहेरच्या देशांत

अमेरिकेत १९८२ च्या कायद्यानं ट्रक-ट्रेलरच्या एकूण लांबीवरची बंधनं मोठ्या हायवेवर उठली, लांबी फक्त ट्रेलरची मोजायची, आणि मग घोड्याच्या मागं १०० इंचांहून लांब खोल्या लागायला लागल्या, शॉवर, संडास, ओटा, फ्रिज सगळं आत, नवरा-बायको दोघं मिळून गाडी चालवतात त्यांना तर ते घरच. युरोपात लांबी मोजून मिळते म्हणून केबिन वर वाढली, आणि तिथं ४५ तासांची आठवड्याची पूर्ण सुट्टी गाडीत झोपून काढायलाच बंदी आहे, मालकानं बाहेर नीट खोली द्यायची. आपल्याकडं तेल कंपन्यांनी काही पंपांवर 'अपना घर' नावानं ड्रायव्हरांसाठी खाटा, अंघोळ, स्वयंपाकाची सोय सुरू केलीय. लांबच्या हायवेला ती उपयोगी पडते, पण बंदराच्या रांगेतली गाडी सोडून कोणी तिथं जाऊ शकत नाही, नंबर कधी पुढं सरकेल याचा नेम नसतो आणि ताडपत्रीखालच्या मालाची जबाबदारी ड्रायव्हरवरच असते.