टँटलाइट खानदेशात का सापडत नाही?

२०२३ मध्ये केंद्राने खनिज कायद्यात दुरुस्ती करून टँटलम या धातूची टँटलाइटसारखी खनिजं अणुखनिजांच्या यादीतून काढली आणि खासगी कंपन्यांना वाट मोकळी केली. मग विहीर खोदताना किंवा खदानीत जड, काळा दगड हाती लागला की आपल्याकडेही आशा वाटणारच. म्हणून मागची हकिगत माहीत हवी.

१८०१ मध्ये लंडनला चार्ल्स हॅचेट यांना अमेरिकेतल्या एका काळ्या खनिजात नवं मूलद्रव्य सापडलं. तेच आजचं नायोबियम. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या अँडर्स एकेबर्ग यांनी टँटलम शोधलं. ही दोन्ही निसर्गात इतकी मिसळलेली असतात, की १८०९ मध्ये इंग्लिश रसायनज्ञ वोलास्टन यांनी ती एकच ठरवून टाकली. हा गुंता पुरता सुटायला १८६० चं दशक उजाडलं. ही दोन्ही ज्यात असतात त्या लोखंड-मँगनीजच्या काळ्या ऑक्साइडमध्ये टँटलम वरचढ असेल तर टँटलाइट, नायोबियम वरचढ असेल तर कोलंबाइट.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिव्यातली तार टँटलमची असे, पण टंगस्टनने ती जागा घेतली. खरी मागणी आली कपॅसिटरमुळे, म्हणजे सर्किटमध्ये वीज साठवणाऱ्या छोट्या भागामुळे. जळगाव-धुळ्यात बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला तो लगेच ओळखू येईल: छोटी पिवळी चौकोनी वडी, एका टोकाला पट्टा. पट्टा धन टोकाचा. उलटा जोडला तर जळतो. याच मागणीपोटी २००० साली भाव भडकले आणि काँगोतल्या युद्धात या खनिजाचा पैसा ओतला गेला. माणसांच्या जिवावर झालेला हा व्यापार विसरता कामा नये.

आता आपली जमीन. ग्रॅनाइटचा वितळलेला रस गोठताना फेल्स्पार आणि क्वार्ट्झच्या स्फटिकांत टँटलमला जागा मिळत नाही. ते उरल्यासुरल्या रसात साठत जातं आणि तो रस पेग्मटाइटच्या, म्हणजे मोठमोठ्या स्फटिकांच्या खडकाच्या, शिरांत गोठतो. भारतात असा एक मुलूख म्हणजे छत्तीसगडमधलं बस्तर. खानदेश मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर वसलाय; धुळे-नंदुरबारकडच्या भिंतींसारख्या डाइकही (भेगांत गोठलेल्या रसाच्या शिरा) त्याच कुळातल्या. आपल्या खदानींचं धन वेगळं आहे, सावद्याकडच्या झिओलाइट स्फटिकांसारखं.

तरीही शंका असेल तर दगड आधी कोरडा तोला, मग दोरीने पाण्यात बुडवून तोला. पाण्यात वजन जेवढं कमी भरलं, त्या फरकाने कोरड्या वजनाला भागा. उत्तर ३ च्या आसपास आलं तर तो बेसाल्टच, म्हणजे गोठलेल्या लाव्हाचा आपला काळा दगडच, समजावा. टँटलाइटचं ८ च्या घरात जातं.