सेखमेत: रोगराई, पंचांग आणि दगडातल्या शेकडो सिंहिणी

सेखमेत या प्राचीन इजिप्तच्या सिंहमुखी देवीबद्दल काहीही वाचायला घ्या, सुरुवात बहुधा एकाच कथेने होते. माणसांनी म्हाताऱ्या झालेल्या सूर्यदेव रा विरुद्ध कट केला, त्याने सिंहिणीला त्यांच्यावर सोडले, ती रक्ताला चटावली आणि शेवटी लाल रंगवलेली बिअर पाजून तिला आवरावे लागले. कथा अस्सल आहे. पण सेखमेतचा सगळा इतिहास तिच्यावर उभा करण्याची जी सवय लागली आहे, तिला आधार फार थोडा.

हा मजकूर आपल्याला भेटतो तो राजांच्या थडग्यांत: तुतानखामुनच्या शवपेट्यांभोवतीच्या सर्वांत बाहेरच्या सोनेरी मखरावर अर्धामुर्धा, नंतर सेती पहिला, रामसेस दुसरा आणि रामसेस तिसरा यांच्या थडग्यांच्या भिंतींवर. त्यात रा ची हाडे चांदीची, अंग सोन्याचे आणि केस राजवर्ताचे झाले आहेत. माणसांच्या पाठीवर तो ज्या देवीला पाठवतो तिचे नाव हाथोर. सेखमेत येते ती ओझरती, संहाराच्या भरात हाथोर जे रूप घेते त्याचे नाव म्हणून. दक्षिणेतल्या एलेफंटाइन बेटाहून गेरू आणवतात, दासी सातू कांडून बिअर गाळतात, 7000 घडे भरतात आणि पहाटेच्या आत ती बिअर शेतांवर ओततात. तीन तळहातांच्या रुंदीएवढी पातळी चढते. देवी सकाळी येते, पिते आणि माणसे तिला ओळखूच येत नाहीत. रा पृथ्वी सोडून आकाशगाईच्या पाठीवर बसून वर का गेला, हे सांगण्यासाठी ही कथा रचली आहे. संहार हा तिचा पूर्वार्ध. सेखमेतची पूजा करणाऱ्याला रोजच्या जगण्यात या मखरावरच्या मजकुराचा काही उपयोग नव्हता. तो तर थडग्यात बंद होता.

लोकांना सेखमेत ठाऊक होती ती साथीची मालकीण म्हणून. मध्य राज्याच्या काळातल्या (साधारण इ.स.पू. 2000 नंतरच्या) सिनुहेच्या गोष्टीत राजाचा दरारा किती हे सांगताना म्हटले आहे की, साथीच्या वर्षी सेखमेतची वाटावी तशी त्याची भीती परमुलखांत पसरली होती. हे वाचणाऱ्याला आणखी काही समजावून सांगावे लागत नव्हते. रोग म्हणजे तिचा श्वास, तिचे बाण, तिने पाठवलेले दूत. या भीतीला पंचांगात ठरलेली जागा होती. 30 दिवसांचे 12 महिने झाले की वर्षाला 5 दिवस कमी पडत. हे जोडलेले पाच दिवस कोणत्याच महिन्याचे नव्हते आणि त्या दिवसांत सेखमेतचे दूत मोकळे सुटतात अशी समजूत होती. वर्ष संपण्याचा मूळ हंगाम नाईलच्या पुराच्या तोंडचा: कडक ऊन, आटलेले पाणी, मग गढूळ लोंढा. रोगराईला याहून चांगला मुहूर्त नाही. अधिक दिवसाची सोय नसल्याने हे पंचांग दर चार वर्षांनी एक दिवस सरकत राही आणि काही शतकांत ऋतूंपासून पार तुटे. भीती मात्र त्या पाच दिवसांना चिकटूनच राहिली.

त्यावरचा उपायही लिहून ठेवलेला सापडतो. तलम तागाच्या पट्टीवर देवांची चित्रे काढायची, तिला 12 गाठी मारायच्या, भाकर-बिअरचा नैवेद्य दाखवायचा, मंत्र म्हणायचा आणि वर्षाच्या शेवटच्या दिवसांत ती पट्टी गळ्यात बांधायची. शस्त्रक्रियेच्या इतिहासात ज्याचे फार कौतुक होते त्या एडविन स्मिथ पपायरसचेच पाहा. पुढच्या बाजूला जखमा आणि मोडलेल्या हाडांची 48 प्रकरणे, तपासणी आणि निदानासह, मंत्रतंत्र जवळजवळ नाहीच. गुंडाळी उलटली की मागे ‘वर्षाच्या साथी’विरुद्धचे मंत्र आहेत आणि त्यांत सेखमेत आहे. कौतुक करणारे पुढची बाजू दाखवतात आणि मागची दोन वाक्यांत उरकतात. ज्याच्या हातात ही गुंडाळी होती त्याला दोन्ही बाजू लागत होत्या.

तिच्या उपचारकर्त्या बाजूचा सर्वांत ठोस पुरावा तिच्या पुजाऱ्यांचा. इ.स.पू. 1550 च्या आसपासच्या एबर्स पपायरसमध्ये हृदयावरचा एक उतारा आहे. वैद्य असो, सेखमेतचा पुजारी असो की ताईत देणारा असो, त्याने रुग्णाच्या डोक्यावर, डोक्याच्या मागे, हातांवर, छातीवर, पायांवर कुठेही बोटे ठेवली तरी तो हृदयच तपासत असतो. कारण हृदयाच्या वाहिन्या प्रत्येक अवयवात जातात आणि तिथे ते बोलते. नाडी पाहण्याचे हे फार जुने वर्णन आहे आणि त्यात सेखमेतचा पुजारी वैद्याच्या बरोबरीने बसला आहे. जुन्या राज्यातल्या, म्हणजे मोठ्या पिरॅमिडांच्या काळातल्या, थडग्यांमध्ये कापलेल्या जनावराची पाहणी करणारे पुजारी दिसतात. रक्त-मांस शुद्ध आहे की नाही हे ठरवणे हे सेखमेतच्या पुजाऱ्यांच्या कामांपैकी एक होते. तेव्हा ‘विनाश आणि उपचार’ अशी जोडी लावून तिच्यात विरोधाभास शोधण्यात काही अर्थ नाही. रोग जिच्या हुकमतीत आहे तिलाच तो परत बोलावता येतो आणि तिच्याशी बोलणी कशी करायची हे जाणणारा माणूस साहजिकच रोग जाणणारा असतो.

तिच्या त्याआधीच्या काळाबद्दल थोडक्यात. पिरॅमिडांमधल्या मंत्रांत राजा सेखमेतच्या पोटी गर्भ म्हणून राहिला असे येते. अबुसीरला पाचव्या राजवंशातल्या साहुरे राजाच्या पिरॅमिड मंदिरात तर गंमतच झाली. मंदिर ओस पडून काही शतके उलटल्यावर, अठराव्या राजवंशात, तिथल्या भिंतीवरच्या एका कोरीव देवीभोवती लोकांनी ‘साहुरेची सेखमेत’ म्हणून नवे देवस्थान उभे केले आणि नवस बोलायला सुरुवात केली. राजा विसरला गेला होता, देवी चालू होती.

आता मुख्य प्रश्न. अमेनहोतेप तिसरा याने साधारण इ.स.पू. 1390 ते 1353 अशी सुमारे 38 वर्षे राज्य केले आणि त्या काळात सेखमेतचे इतके पुतळे घडवले की एकाच देवतेची एवढी मोठी दगडी फौज इजिप्तमध्ये दुसरी नाही. ती का घडवली याचे उत्तर अजून एकमताने दिले गेलेले नाही.

आधी वस्तू नीट पाहू. दगड आस्वानचा, काळसर ग्रॅनोडायोराइट, नाईलवरून सुमारे 200 किलोमीटर खाली आणलेला. माणसापेक्षा मोठा आकार. बसलेला पुतळाच दोन मीटरच्या आसपास. उभ्या देवीच्या हाती पपायरसचा दंड, बसलेलीच्या हाती जीवनचिन्ह, आणि डोक्यावर सूर्यबिंब व नागाचा फणा. सिंहिणीचे तोंड बाईच्या धडाला जोडायचे म्हणजे मानेशी घोळ होणार. कारागिरांनी आयाळीच्या रेघा थेट केसांच्या टोपाच्या बटांमध्ये उतरवून तो सांधा असा झाकला आहे की शोधूनही सापडत नाही. स्तनांवर फुलासारखी नक्षी, जी खऱ्या सिंहाच्या खांद्यावरच्या केसांच्या भोवऱ्यावरून घेतली असावी. बसलेल्या पुतळ्यांच्या पायांच्या दोन्ही बाजूंना लेख आहे: राजाचे नाव आणि तो अमुक सेखमेतचा लाडका. हे ‘अमुक’ फार महत्त्वाचे, कारण ते पुतळ्यागणिक बदलते. कुठे ती एखाद्या गावाची स्वामिनी, कुठे भय निर्माण करणारी, कुठे आणखी काही.

पुतळ्यांच्या संख्येसाठी 730 हा आकडा सर्रास दिला जातो. तो कोणी मोजलेला नाही. 1980 च्या सुमारास एका फ्रेंच अभ्यासकाने मांडले की हे पुतळे म्हणजे दगडातला नामजप आहे: वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक बसलेली आणि एक उभी, म्हणजे 365 ची दुप्पट. लेखांतली बदलती बिरुदे म्हणजे त्या जपातली एकेक नावे. आक्षेप उघड आहेत. उभे पुतळे बसलेल्यांच्या तुलनेत फार कमी सापडले आहेत, कित्येक तुकड्यांवर लेखच उरलेला नाही आणि आकडा आधी ठरवून मग पुरावा त्यात बसवला असे म्हणायला जागा आहे. तरीही ही मांडणी इतर सगळ्यांपेक्षा जास्त गोष्टी समजावून सांगते. हजारेक वर्षांनंतरच्या एदफूच्या मंदिरात सेखमेतला शांत करण्याच्या विधीचे मंत्र भिंतींवर कोरलेले आहेत आणि त्यांतही तिची नावे अशीच ओळीने घेतली जातात. पाच अशुभ दिवसांची भीती तर त्याआधीपासून होतीच. राजाने तोच उपाय तागाच्या पट्टीऐवजी आस्वानच्या दगडात आणि वर्षभरासाठी केला असे मानले तर फारशी ओढाताण करावी लागत नाही.

दुसरे मत साथीचे. अमेनहोतेपच्या राज्यात मोठी साथ आली आणि हादरलेल्या दरबाराने देवीपुढे पुतळ्यांची रांग लावली, असे ते मत. लोकांना हे पटकन आवडते आणि अलीकडच्या महासाथीनंतर तर अधिकच. पण पुरावा पाहिला तर तो शेजारचा आणि बहुतेक नंतरचा निघतो. सायप्रसच्या राजाने तांबे कमी पाठवल्याबद्दल साथीचे कारण दिले आहे ते पत्र बहुधा पुढच्या राजाच्या नावे. आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती राज्याचा राजा मुर्सिली दुसरा याच्या प्रसिद्ध प्रार्थनांत इजिप्तच्या युद्धकैद्यांबरोबर आलेली साथ वीस वर्षे टिकल्याचे आहे, पण ती सुरू झाली तेव्हा अमेनहोतेप तिसरा जाऊन काही दशके झाली होती. खुद्द त्याच्या राज्यातला साथीचा स्पष्ट उल्लेख दाखवता येत नाही. मग त्याच्या मधल्या काही वर्षांचे लेख कमी सापडतात, म्हणजे तेव्हा साथ असणार, असा युक्तिवाद केला जातो. लेख नसणे हा साथीचा पुरावा धरला तर इजिप्तच्या इतिहासात निम्मा काळ साथीचाच म्हणावा लागेल.

तिसरे मत राजाच्या स्वतःच्या आजाराचे. त्याची म्हणून ओळखली जाणारी ममी किडलेल्या दातांची आणि गळवांची आहे, मात्र ती त्याचीच का यावरही वाद आहे. याला जोड म्हणून उत्तर सीरियाकडच्या मितान्नी राज्याच्या तुश्रत्त राजाचे पत्र पुढे केले जाते. त्याने निनवेच्या देवीची मूर्ती इजिप्तला पाठवली होती. मातीच्या पाटीवर इजिप्शियन कारकुनाने शाईने राज्यवर्ष 36 अशी नोंद केली आहे. आजारी राजाला बरे करण्यासाठी देवी आली असे कितीतरी पुस्तकांत छापले गेले. पत्रात आजाराचा शब्द नाही. देवीलाच इजिप्तला जावेसे वाटले, पूर्वीही ती आली होती, तिचा मान ठेवा आणि तिला परत पाठवा, ती आपल्या दोघांना एक लाख वर्षे राखो, इतकेच त्यात आहे. पत्राच्या सुरुवातीच्या कुशलमंगलात तुश्रत्तच्या मुलीचा, म्हणजे अमेनहोतेपच्या मितान्नी राणीचा, उल्लेख आहे. तेव्हा सोयरिकीच्या निमित्ताने देवी आली असणे जास्त सरळ दिसते.

राज्याच्या तिसाव्या वर्षी, आणि पुन्हा 34 व्या व 37 व्या वर्षी, अमेनहोतेपने सेद उत्सव, म्हणजे राजाचे बळ नव्याने जागवण्याचे सोहळे, केले. पुतळे त्यासाठीच होते, तो आकाशातल्या ग्रहताऱ्यांचा दगडी नकाशा होता, असेही एक मत आहे. नामजपाच्या मताशी त्याचे भांडण असायचे कारण नाही. एकच फौज दोन कामांना लावायला कोणाची हरकत होती?

हे पुतळे मुळात उभे कुठे होते, यावरही असाच वाद आहे. एकोणिसाव्या शतकात ते मिळाले ते मुख्यतः कार्नाकच्या दक्षिणेला मूत देवीच्या मंदिरात, घोड्याच्या नालासारख्या तळ्याच्या काठी. म्हणून ते तिथलेच धरले गेले. पण नदीच्या पश्चिमेला कोम अल-हेतान इथे अमेनहोतेपचे प्रचंड स्मारकमंदिर होते. इ.स.पू. 1200 च्या सुमाराच्या भूकंपात ते कोसळले आणि पुढच्या राजांनी त्याचा दगड उचलून नेला. दारातले राजाचे दोन प्रचंड पुतळे, ज्यांना मेम्नॉन म्हणतात, तेवढे पर्यटकांसाठी उरले. तिथे 1998 पासून चाललेल्या उत्खननात सेखमेतचे इतके पुतळे निघाले की जुना समज डळमळला. मार्च 2017 मध्ये एकाच वेळी 66 पुतळे आणि तुकडे जाहीर झाले. मूतच्या मंदिरातल्या काही पुतळ्यांवर एकविसाव्या राजवंशातल्या एका महायाजकाने आपले नाव घातले आहे. पश्चिमेकडून पूर्वेला मोठी ने-आण त्याच काळात झाली असे आता बरेच जण मानतात. सगळेच पुतळे हलवले की काही आधीपासून मूतकडे होते, यावर तडजोड झालेली नाही.

त्यांच्या पुढच्या प्रवासाची लांबी तर विचारू नका. इटलीतल्या तुरिनसाठी पहिली सेखमेत अठराव्या शतकाच्या मध्यालाच निघाली. 1817 च्या सुमारास ब्रिटिश आणि फ्रेंच वकिलातींसाठी काम करणाऱ्या माणसांनी मूतच्या मंदिरात अक्षरशः चढाओढीने खणले. 1895 ते 1897 मध्ये दोन इंग्रज स्त्रियांनी तिथे उत्खनन केले. इजिप्तमध्ये स्त्रीला स्वतःच्या नावाने उत्खननाचा परवाना मिळण्याची ती पहिली वेळ. आज तुरिनमध्ये 21 पुतळे आहेत, लंडन आणि इतर शहरांत आणखी, आणि लंडनच्या एका लिलावगृहाच्या दारावर सेखमेतचे नुसते मुंडके बसवलेले आहे. लिलावात विकला गेलेला तो तुकडा घेणाऱ्याने नेलाच नाही म्हणून तो तिथे राहिला, असे सांगतात.

पुतळ्यांचे असे वाटप झाल्याने मुख्य वादाचे नुकसान झाले. नामजप होता की नाही हे ठरवायचे तर कोणते नाव कोणाच्या शेजारी होते हे कळायला हवे आणि ती रांग पहिल्यांदा एकविसाव्या राजवंशात, दुसऱ्यांदा एकोणिसाव्या शतकात मोडली. धड एका संग्रहालयात, बैठकीचा लेख दुसरीकडे, असेही झाले आहे. कार्नाकला प्ताह देवाच्या छोट्या मंदिरात एक उभी सेखमेत अंधाऱ्या खोलीत अजून आहे. छतातल्या झरोक्यातून तिच्यावर उजेड पडतो आणि जगभरातून नवे भक्त तिथे येऊन डोळे मिटून उभे राहतात. अमेरिकेत नेव्हाडाच्या वाळवंटात तर 1993 मध्ये तिचे नवे देऊळच बांधले गेले. या नव्या भक्तीत स्त्रीच्या क्रोधाला आणि आत्मबळाला मोठे स्थान आहे, पाच अशुभ दिवसांना जवळजवळ नाही. कोम अल-हेतानला मात्र पुतळे जमिनीतून काढून, क्षार धुऊन, तुकडे जुळवून ठेवण्याचे काम चालू आहे आणि तिथल्या प्रत्येक वाचता येणाऱ्या लेखामागे नावांच्या यादीत एकेक भर पडते आहे.